आधी कुणी काय लावलंय

ट्रॉलीतून पालथी आली होडी,
उद्यमनगरात, दोन फाउंड्र्यांमधल्या बोळात,
जिथं पाण्याशी संबंध म्हणजे कुलिंगची टाकी.
तलावावर वर्षानुवर्षं पायडल खाऊन थकलेली,
बदकाचं तोंड करवतीनं उतरवलेलं,
आंबेवाडीच्या पोरांनी वर्गणी काढून घेतलेली.
"मागं मशीन बसवायचंय," रणधीर चौगले म्हणाला,
"पुढचं भोक बुजवायचं. आठ दिवसांत.
पंचगंगा काय आम्हाला इचारून येती व्हय?"

मी आधी घासलं थोडं, आणि हुंगलं.
इलाहीमामाची शिकवण: डोळ्याला रंग फसवतो, नाकाला नाही.
जुनं पॉलिस्टर घासलं की अजून
तो उग्र गोडसर वास सोडतं, वीस वर्षांनीही.
सगळीकडं आला वास.
फक्त भोकाच्या कडेला घासलं, तर नुसती कोरडी धूळ.

पटाशी सरकवली ठिगळाखाली.
भाकरीचा पापुद्रा निघावा तसं निघालं,
अख्खं, एका तुकड्यात,
आणि खाली ताटासारखं चकचकीत.
चिकटलेलं निघतं तेव्हा काहीतरी फाटतं,
एखादा धागा तरी ओढला जातो.
इथं काहीच फाटलं नव्हतं.
म्हणजे इतकी वर्षं ते तिथं
नुसतं टेकून बसलं होतं.

"पॉलिस्टरचा डबा हाय आमच्याकडं, स्वस्तातला."
नको. जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी धरतं,
इपॉक्सीवर पॉलिस्टर धरत नाही.
वाट एकेरी आहे.
सोबतचा म्हातारा हसला,
"म्हंजे यातबी जात आलीच की."
जात नव्हे आजोबा. क्रम.
आधी कुणी काय लावलंय, तेवढंच बघायचं.

भोक तळहाताएवढं, घासलं परातीएवढं,
उतार देत देत, कडेला कागद व्हावा इतकं.
चुरा मॅट बाजूला ठेवली: तिला बांधणारी भुकटी
स्टायरिनची वाट बघते, इपॉक्सीत ती विरघळत नाही.
विणलेलं कापड घेतलं.
गुजरीतल्या सोनाराचा जुना काटा,
त्यावर कधी काळी पाटल्या तोलल्या असतील,
त्यावर शंभराला पन्नास हार्डनर.
तांबड्या रश्श्याला अंदाज चालतो, याला नाही.
"जास्त घाला की, लवकर वाळंल."
जास्त घातलं तर लवकर नाही,
कधीच नाही.

सकाळी थरावर मेणचट घाम होता,
हवाच तशी, ढग उतरलेले.
साध्या पाण्यानं धुतला, घासला, पुन्हा हात फिरवला.
रणधीर घड्याळ बघत होता.

मागची फळी काढली, आतलं प्लाय कुजून
भिजल्या पावासारखं. नवं घातलं.
आणि मग, निघालेलं ते जुनं ठिगळ
कचऱ्यात टाकताना उलटं झालं.
पाठीवर पेन्सिलनं तिरका नऊ,
पोट फुटलेला.
असा नऊ या शहरात एकच बाई काढते.

आठवलं. मामा सीपीआरमध्ये,
बदकांचा ठेकेदार दारात,
इपॉक्सी दोन थरांत संपलं,
वरचा थर मी हाताशी होतं त्यानं मारला.
रंगाखाली कोण बघतंय, असं म्हणून.
तेव्हा शिकत होते, हे खरं.
पण हे मला तेव्हाही माहीत होतं, हेही खरं.

रणधीरला सांगितलं. तो थोडा वेळ
होडीकडं बघत राहिला, मग म्हणाला,
"ती बदकं होती ओ.
हितं माणसं बसणार."
भोकाचे पैसे घेतले नाहीत. फळीचे घेतले.

चकाकी पाहिजे होती पोरांना, जेलकोटची.
तोही पॉलिस्टरच; नाही म्हटलं, रंग मारा.
रंगाआधी, भगभगीत उजेडात,
ठिगळाशेजारी मार्करनं लिहिलं:
इथून इथपर्यंत इपॉक्सी. तारीख. नऊ, तिरका.
रंगाखाली गेलं ते.
वाचेल तो घासणाराच.